क्रूशियल, म्हणजे तिठ्यावरचा खांब

हल्ली सगळंच क्रूशियल असतं. मॅचमधली सतरावी ओव्हर क्रूशियल, दहावीचं वर्ष क्रूशियल, डाएटमध्ये प्रोटीन क्रूशियल, आणि आमच्या ऑफिसात तर एका स्लाइडवर पाच मुद्दे आणि खाली ठळक अक्षरांत 'ऑल फाइव्ह आर क्रूशियल'. पाचही कसे असतील हो? म्हणजे व्यवहारात या शब्दाचा अर्थ 'खूप महत्त्वाचं' असा होऊन बसलाय हे मान्य, डिक्शनरीतही तो अर्थ आहे, आणि शब्दांची पोलीसगिरी करायची मला हौस नाही. पण हा शब्द मुळात महत्त्वाबद्दलचा नव्हताच. तो शंका मिटवण्याबद्दलचा होता. दोन शक्यता समोर आहेत, दोन्ही तेवढ्याच खऱ्या वाटतायत, डोकं कधी इकडे कधी तिकडे, आणि मग एक अशी गोष्ट हाती लागते की एक शक्यता उभी राहते आणि दुसरी आडवी पडते. ती गोष्ट क्रूशियल. बाकीच्या शंभर गोष्टी कितीही महत्त्वाच्या असल्या तरी त्या हे काम करत नसतील तर नाही.

मुळापासून सांगते. लॅटिनमध्ये क्रुक्स म्हणजे क्रूस, येशूला चढवला तो, आणि त्याच्याही आधी नुसताच गुन्हेगाराला टांगायचा लाकडी खांब. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं क्रूझ झालं आणि तेच आपल्याकडे आलं, मराठीतला क्रूस तोच, कोकणीतला खुरीस तोच. वेस्टर्न लाइनवर 'पुढील स्टेशन सांताक्रूझ' ऐकू येतं तेव्हा क्रूशियलचा सख्खा चुलतभाऊच बोलत असतो, पवित्र क्रूस एवढाच त्या नावाचा अर्थ. पणजीला लागूनही एक सांताक्रूझ आहे, त्याचं जुनं नाव कालापूर. इंग्रजीत क्रूशियल आलं ते फ्रेंचमधून, आणि गंमत म्हणजे ते सर्जन लोकांच्या हातातून आलं. 1706 च्या सुमाराला तो शब्द इंग्रजीत दिसायला लागतो तेव्हा त्याचा अर्थ फक्त 'फुलीसारखा' असा आहे. क्रूशियल इन्सिजन म्हणजे एक उभा काप आणि एक आडवा, म्हणजे कातडीचे चारही कोपरे उलटून आत नीट बघता येतं. कसली शंका नि कसला निर्णय, नुसता आकार. फुटबॉल किंवा कबड्डीवाल्यांचं एसीएल फाटलं की सहा-आठ महिने गेले म्हणतात ना, त्या एसीएलमधला सी म्हणजे क्रूसिएट, गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध एकमेकांवर फुलीसारखे असतात म्हणून. आणि ते फाटल्यावर जे दुखतं त्याला इंग्रजीत एक्सक्रूशिएटिंग म्हणतात तोही याच खांबाचा वंशज.

मग फुलीच्या आकाराचा शंकेशी संबंध कुठे आला? तो आणला फ्रान्सिस बेकनने. हा माणूस वकील, पुढे 1618 मध्ये इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झालेला, आणि रिकाम्या वेळात विज्ञान कसं करावं यावर लिहिणारा. 1620 मध्ये त्याने लॅटिनमध्ये 'नोव्हम ऑर्गानम' छापलं. त्यात निसर्गातले पुरावे किती प्रकारचे असतात याची भलीमोठी यादी आहे, खरं सांगायचं तर बरीच कंटाळवाणी, पण त्यात एक प्रकार आहे इन्स्टान्शिया क्रूकिस, शब्दशः 'क्रूसाचे दाखले'. आणि तो लगेच खुलासा करतो की हा शब्द मी दुफाट्यावर उभ्या असतात त्या क्रूसांवरून घेतलाय, जे रस्ते कुठून वेगळे होतात ते दाखवतात. म्हणजे धर्माचा क्रूस नव्हे, तिठ्यावरचा पाट्यांचा खांब! उभा खांब, त्याला आडव्या पाट्या, कधीकधी पाटीच्या टोकाला बोट दाखवणारा हात कोरलेला. लांबून बघितलं तर क्रूसच.

मुंबई-गोवा हायवेने गेला असाल तर हे वेगळं समजवायला नको. निवळीला गणपतीपुळ्याचा रस्ता फुटतो, पुढे हातखंब्याला उजवीकडे रत्नागिरी आणि सरळ गेलात तर पाली-लांजा-राजापूर. हातखंबा! गावाच्या नावाची कथा काही का असेना, हात आणि खांब, बेकनचा शब्द मराठीत करायचा असता तर याच्याहून चांगला मिळाला नसता. हातखंब्याच्या तिठ्यावर तुम्ही उभे असता तेव्हा तुम्हाला रस्ता किती रुंद आहे, डांबर कसं आहे, चहा कुठे चांगला मिळतो हे सगळं महत्त्वाचं असतं, पण रत्नागिरीला जायचं असेल तर क्रूशियल फक्त ती पाटी. (जीपीएसवाल्यांनी माफ करा.)

बेकन वकील होता ते इथे दिसतं, कारण याच दाखल्यांना तो 'निकाल देणारे' आणि 'न्यायाधीशी' अशी आणखी नावं देतो. त्याने उदाहरणं दिलीत त्यातलं एक मला फार आवडतं. वस्तू खाली का पडते? त्यांच्या अंगातच खाली जायची ओढ आहे, की पृथ्वीचं एवढं मोठं वस्तुमान त्यांना ओढतंय? दोन रस्ते. बेकन म्हणतो, दोन घड्याळं घ्या, एक शिशाच्या वजनांवर चालणारं, एक लोखंडी स्प्रिंगवर चालणारं, दोघांची चाल अगदी सारखी जुळवून घ्या. मग वजनाचं घड्याळ उंचच उंच चर्चच्या शिखरावर नेऊन ठेवा आणि स्प्रिंगचं खाली राहू द्या. वर ते हळू चाललं तर समजा की पृथ्वीपासून लांब गेल्यावर वजन कमी झालं, म्हणजे ओढणारी पृथ्वीच. मग तेच घड्याळ खोल खाणीत उतरवून बघा. काय सुंदर विचार आहे! तेव्हा लंबकाचं घड्याळसुद्धा नव्हतं, ते डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्सने 1656 मध्ये केलं, आणि चर्चच्या उंचीवर पडणारा फरक इतका बारीक की त्या काळच्या घड्याळांना तो सात जन्मात कळला नसता. पण फाटा बरोबर पकडला होता. पुढे 1672 मध्ये फ्रेंच खगोलशास्त्री रिशे विषुववृत्ताजवळ कायेनला गेला तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ पॅरिसच्या मानाने दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. कारण थोडं वेगळं, पण जागा बदलली की वजन बदलतं आणि ते घड्याळ सांगतं, हे खरं निघालं.

बाय द वे, पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी, 1621 मध्ये, बेकनवर लाच घेतल्याचे आरोप झाले, त्याने कबूल केले, 40,000 पौंड दंड आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये तुरुंगाची हवा. दंड राजाने पुढे माफ केला म्हणा. न्यायाधीशी पुरावा कसा असावा हे सांगणारा माणूस.

इथे जरा आपल्याकडे येते कारण त्याशिवाय मला पुढे जाववत नाही. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, संशय समजावताना शतकानुशतकं एकच उदाहरण चालत आलंय, स्थाणुर्वा पुरुषो वा. संध्याकाळची वेळ, लांब काहीतरी उभं दिसतंय, वठलेलं खोड आहे की माणूस? (पुन्हा खांबच बघा.) वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात नेमकं सांगितलंय की संशय होतो कशामुळे, तर उंची आणि जाडी दिसते म्हणून, आणि उंची-जाडी दोघांनाही असते. आता तुम्ही ती उंची दहा वेळा मोजा, अगदी मिलिमीटरमध्ये मोजा, शंका जागची हलणार नाही. शंका जाते ती हातपाय दिसले की, नाहीतर खोडाची ढोली आणि वाकडेपणा दिसला की. म्हणजे जो गुण एकाकडेच असतो तो दिसला पाहिजे. न्यायसूत्रात निर्णयाची व्याख्याच अशी आहे, विमृश्य पक्षप्रतिपक्षाभ्यामर्थावधारणं निर्णयः, शंका घेऊन, पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही समोर ठेवून मग एक गोष्ट नक्की करणं. शंका नाही, दुसरा पक्ष नाही, तर निर्णयही नाही.

त्यामुळे क्रूशियलला 'निर्णायक' हा शब्द एकदम फिट्ट आहे, फक्त आपण त्याचीही तीच गत केलीय. 'निर्णायक टप्पा', 'निर्णायक भूमिका', पेपर उघडा की आहेच. एका ठिकाणी मात्र तो अजून शाबूत आहे, विधानसभेच्या अध्यक्षांच्या निर्णायक मतात. अध्यक्ष एरवी मत देतच नाहीत. दोन्ही बाजूंना समसमान मतं पडली तरच देतात. ते मत बाकीच्यांपेक्षा वजनाने जास्त नसतं, एकाचं एकच असतं, पण तराजू बरोब्बर मध्ये अडकलेला असताना पडतं म्हणून निर्णायक.

आता बेकनने नुसतं नाव दिलं, प्रयोग दुसऱ्यांनी केले. माझा सगळ्यात लाडका 19 सप्टेंबर 1648 चा. त्याआधी चार वर्षं टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या नळीने युरोपभर गोंधळ घातला होता. एका बाजूने बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरायची, तोंडावर बोट ठेवून पाऱ्याच्या भांड्यात उलटी करायची, बोट काढायचं. पारा थोडा उतरतो आणि मध्येच थांबतो. पूर्ण का नाही पडत? एक मत, निसर्गाला पोकळी सहन होत नाही म्हणून तो पाऱ्याला धरून ठेवतो. दुसरं मत, बाहेरच्या हवेचं वजन भांड्यातल्या पाऱ्यावर दाबतंय म्हणून नळीतला पारा तोलून राहतो. दोन्ही मतांनी पारा थांबण्याचं कारण मिळतंच! म्हणजे ही नळी घरात बसून शंभर वेळा उलटी केली तरी काही उपयोग नाही, ती उंची-जाडी झाली. पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसमध्ये बसून फाटा शोधला. डोंगरावर न्या. वर हवा कमी उरते, हवेचं वजनच धरत असेल तर पारा उतरेल, आणि निसर्गाला पोकळी आवडत नसेल तर ती पायथ्याला जेवढी आवडत नाही तेवढीच शिखरावर आवडणार नाही, असं थोडंच आहे की डोंगर चढल्यावर निसर्गाचा राग कमी होतो.

पास्कलची तब्येत तोळामासा, आणि पॅरिसला डोंगर कुठला. त्याने मेहुण्याला पत्र लिहिलं, फ्लोरँ पेरियेला, बहिणीचा नवरा, राहायचा क्लेरमाँला, पुई द दोम या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. पत्र 1647 च्या नोव्हेंबरचं, प्रयोग झाला दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात. मेहुण्यांना काम सांगितलं की वेळ लागतोच. पण केलं ते इतकं चोख की आजही वाचताना बरं वाटतं. सकाळी आठ वाजता गावातली काही प्रतिष्ठित माणसं साक्षीदार म्हणून घेऊन तो गावातल्या जवळजवळ सगळ्यात खोलगट जागी जमला, एका मठाच्या बागेत. सोळा पौंड पारा, चार-चार फुटांच्या दोन सारख्या नळ्या. दोन्हींत पारा मोजला, 26 इंच साडेतीन रेषा, फ्रेंच मापाने (रेषा म्हणजे इंचाचा बारावा भाग), दोन्हींत अगदी एक. मग एक नळी तिथेच ठेवली आणि मठातल्या एका फादरना सांगितलं की तुम्ही दिवसभर हिच्याकडे बघत बसा. ही गोष्ट मला डोंगर चढण्यापेक्षा भारी वाटते. कारण शिखरावर पारा उतरला आणि कुणी म्हणालं की अहो आज हवाच बदलली, तर? खालच्या नळीने ती पळवाट बंद केली.

वर पोचले, साधारण हजार मीटर चढून. नळी उभी केली, 23 इंच 2 रेषा. तीन इंचांहून जास्त उतरला! पेरिये लिहितो की आम्ही सगळे चकित झालो. आणि मग विश्वास बसेना म्हणून, की बसला पण लोकांचा बसणार नाही म्हणून, त्याने शिखरावरच वेगवेगळ्या जागी पाच वेळा मोजलं. तिथल्या छोट्या चॅपेलच्या आत, बाहेर उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यापावसात. पाचही वेळा तेच. उतरताना मध्ये एका जागी थांबून मोजलं तर मधलाच आकडा, 25 इंच. खाली बागेत आले, फादर म्हणाले दिवसभर हवा लहरी होती पण पारा जागचा हलला नाही. डोंगरावरून आणलेली नळी तिथे उभी केली, पुन्हा 26 इंच साडेतीन रेषा. मिटलं. दुसऱ्या दिवशी हौसेने गावातल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावरही मोजून आला, तिथे दोन रेषांचा फरक. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये याच प्रयोगाला एक्सपेरिमेंटम क्रूकिस म्हटलं, बेकनची आठवण काढून. बेकनचा 'दाखला' जाऊन 'प्रयोग' आला तो असा.

पुढे 1672 मध्ये न्यूटनने रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात तोच शब्द वापरला आणि मग तो चिकटलाच. त्याचा प्रश्न, लोलकातून (प्रिझममधून) येणारे रंग लोलक तयार करतो की ते पांढऱ्या उजेडात आधीपासून आहेत? अंधारी खोली, खिडकीच्या झडपेला छिद्र, लोलक, मग छिद्र असलेली फळी, बारा फुटांवर आणखी एक छिद्राची फळी आणि मागे दुसरा लोलक. पहिला लोलक हाताने हळूहळू फिरवायचा म्हणजे कधी तांबडा तर कधी निळा रंग दुसऱ्या लोलकावर पडतो. निळा जास्त वळला, तांबडा कमी, आणि रंग दुसऱ्यांदा बदलला नाही. न्यूटनच्या मते विषय संपला. लोकांच्या मते नाही! हूकने वाद घातला, आणि पॅरिसला मारिओतने 1681 मध्ये करून बघितलं तर जांभळ्या उजेडाला दुसऱ्या लोलकातून तांबडी-पिवळी किनार दिसली, म्हणून तो म्हणाला की न्यूटन चुकला. रंग नीट वेगळे झाले नव्हते, दुसरं काय. पण पाटी स्वच्छ लिहिलेली असली तरी वाचणाऱ्याची काच चांगली लागते.

हे सगळं लॅटिनमध्ये चाललं होतं. इंग्रजी क्रूशियल बिचारा तोवर सर्जनच्या टेबलावरच. त्याला तिथून उचलून शंकेच्या कामाला लावलं ते 1830 च्या सुमाराला, आणि त्यात मोठा हात सर जॉन हर्शेलचा. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा मुलगा, त्याने 1830 मध्ये विज्ञानाच्या पद्धतीवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात बेकनचे ते 'क्रूसाचे दाखले' इंग्रजीत 'क्रूशियल इन्स्टन्सेस' म्हणून आले. पुस्तक खूप वाचलं गेलं. तिथून पुढे शब्द हळूहळू पातळ होत होत आपल्या स्लाइडवर आला. आणि जाता जाता, याच्या उलटा शब्द ट्रिव्हियल, तोही तिठ्यावरचाच आहे. ट्रिव्हियम म्हणजे जिथे तीन रस्ते मिळतात ती जागा, तिथे कुणीही येतं, कुणीही गप्पा मारत उभं राहतं, म्हणून ट्रिव्हियल म्हणजे नाक्यावरचं, किरकोळ. एकाच तिठ्यावरचा खांब क्रूशियल आणि खांबाखालच्या गप्पा ट्रिव्हियल.

पण खांबातही एक गोम आहे. तो दोनच रस्ते आहेत असं धरून चालतो. प्रकाश म्हणजे कण की लहरी? कण असतील तर पाण्यात प्रकाश हवेपेक्षा वेगाने जायला हवा, लहरी असतील तर हळू. 1838 मध्ये आरागोने पॅरिसमध्ये सांगितलं की हे मोजू या, झाला निकाल. मोजेमोजेपर्यंत त्याची दृष्टीच गेली, आणि 1850 मध्ये फूकोने गरगर फिरणारा आरसा वापरून मोजलं. पाण्यात हळू. लहरी जिंकल्या, कण हरले, पुस्तकं तशी छापली गेली. आणि 1905 मध्ये आइन्स्टाइन म्हणाला की प्रकाश पुड्या-पुड्यांनी येतो असं धरल्याशिवाय काही गोष्टी समजत नाहीत. आता काय करायचं? फूकोचं मोजमाप चुकलं नव्हतं, आजही बरोबरच आहे. तिथे फक्त तिसरा रस्ता होता, आणि त्याची पाटी कुणी लावलीच नव्हती. पिएर द्यूएम नावाच्या फ्रेंच फिजिसिस्टने 1906 च्या पुस्तकात नेमकं हेच उदाहरण घेऊन म्हटलं की फिजिक्समध्ये क्रूशियल एक्सपेरिमेंट होऊच शकत नाही, कारण कोर्टात दोनच पक्ष असतात, निसर्गात किती असतात ते आपल्याला आधी माहीत नसतं. मला वाटतं तो जरा जास्तच बोलला. पुई द दोमच्या पाऱ्याला 'तिसरा पक्ष असेल' म्हणून उडवून लावणं काही जमत नाही. पण शंका घ्यायला शिकवलं हे खरं.

आणि आता हर्शेलच्या घरातली गोष्ट, जी मला हे सगळं लिहायला घेण्याचं खरं कारण. सर जॉनला बारा मुलं. त्यातला एक विल्यम, बंगालमध्ये सरकारी अधिकारी, त्याने 1858 मध्ये जंगीपूरला एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला आणि पुढे बोटांच्या ठशांच्या मागेच लागला. सही कुणाची ही शंका मिटवणारी त्याहून चांगली वस्तू अजून निघायची आहे. दुसरा, बापाचंच नाव लावणारा लेफ्टनंट जॉन हर्शेल, हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्व्हेत होता. 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि सावली आपल्या देशावरून जाणार होती. रॉयल सोसायटीने त्याला स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, पाठवला आणि तो जाऊन बसला जमखंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात. आता ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे.

प्रश्न अगदी बापाच्या पुस्तकातला शोभेल असा. ग्रहणात सूर्याच्या कडेला तांबड्या ज्वाळा दिसतात. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, हा पहिला फाटा 1860 मध्ये स्पेनमधल्या ग्रहणात मिटला होता. फोटोंमध्ये दिसलं की चंद्र सरकतो तशा एका बाजूच्या ज्वाळा त्याच्यामागे झाकल्या जातात आणि दुसऱ्या बाजूच्या उघड्या पडतात, चंद्राच्या असत्या तर त्याच्याबरोबर सरकल्या असत्या. आता दुसरा फाटा, त्या पेटलेला वायू आहेत की नाहीत? वायू असेल तर स्पेक्ट्रोस्कोपमध्ये सुट्या चमकदार रेघा दिसणार, घन कणांचे ढग वगैरे असतील तर रंगांचा सलग पट्टा. बघायचं एवढंच. पण ऑगस्ट महिना, पावसाळा, ढगांनी नुसता छळ मांडलेला. मधल्या फटीत त्याला ज्वाळा सापडली, आणि रेघा दिसल्या. तांबडी, नारिंगी, निळी. सलग पट्टा नाही. वायूच. त्याच दिवशी गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्री जानसेननेही रेघाच बघितल्या. बाप तेव्हा इंग्लंडमध्ये हयात होता, 1871 पर्यंत, त्यामुळे मुलाने पाटी वाचली हे त्याला कळलं असणार.

फक्त त्या तीन रेघांतली नारिंगी. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी पडतात, आणि लेफ्टनंटसाहेबांनी ती सोडियमची डी रेघ म्हणून धरली, जागा जवळपास तीच, आणि त्यांच्या यंत्राला तेवढा बारीक फरक दिसण्यासारखा नव्हता. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात लॉकियर या खगोलशास्त्र्याने ग्रहण नसताना, भर उजेडात त्याच ज्वाळा स्पेक्ट्रोस्कोपने पकडल्या आणि त्याच्या लक्षात आलं की ही रेघ सोडियमच्या शेजारी आहे, सोडियमवर नाही. ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची ती नव्हती. तिला हेलियम नाव मिळालं, आणि 1895 मध्ये लंडनला रॅम्झेने युरेनियमच्या एका खनिजातून तो वायू काढून दाखवला तेव्हा कुठे लोकांनी मानलं.

तेवढ्यासाठी विजयदुर्गाबद्दल एक सांगून ठेवते, कारण दर ऑगस्टला व्हॉट्सअॅपवर फिरतं की लॉकियरने 1868 मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला. 1868 मध्ये लॉकियर इंग्लंडातच होता. विजयदुर्गाला तो आला ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' त्या वेळचे, आणि तोपर्यंत हेलियम बाटलीत भरून तीन वर्षं झाली होती. ओटे बघायला जरूर जा, हातखंब्यावरून सरळ, राजापूरच्या पुढे उजवीकडे.